मालक बदलला तरी बिऱ्हाड टिकावे

आमच्या वाचनालयाचा जुना संगणक एका सकाळी सुरूच झाला नाही. त्यात पुस्तकांची नोंद होती. शिवाय कोणते पुस्तक कोणी, कोणाच्या स्मरणार्थ दिले, हेही होते. ही दुसरी माहिती कुठल्याच वहीत नव्हती. हार्ड डिस्क शाबूत निघाली, पण नोंदीचा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवरच चालणारा. नव्या संगणकावर तो उघडेना. शेवटी एका विद्यार्थ्याने सुचवले, ‘काका, नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक तयार करू.’ यालाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक म्हणतात.

मला ही कालपरवाची जादू वाटली. वाचत गेलो, तेव्हा कळले की ती साठीच्या घरातली आहे.

१९६० च्या दशकात संगणक म्हणजे खोली भरून टाकणारे, अतिशय महाग यंत्र. ते एकाच माणसासाठी अडवून ठेवणे परवडणारे नव्हते. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि सहकाऱ्यांनी ‘सीपी-४०’ ही प्रणाली तयार केली. जानेवारी १९६७ पासून ती वापरात आली. जुन्या वाड्याचीच ही तऱ्हा समजा: छप्पर एक, बिऱ्हाडे अनेक आणि प्रत्येकाची चूल वेगळी. यंत्र एकच, पण प्रत्येकाला वाटे, सगळा संगणक आपलाच. १९७२ मध्ये आयबीएमने हीच कल्पना ‘व्हीएम/३७०’ या नावाने बाजारात आणली.

पुढे टेबलावरचे स्वस्त संगणक आले आणि वाड्याची गरज कमी झाली. त्यातल्या इंटेलच्या चिपची रचनाही अशा वाटणीला सोयीची नव्हती. ती अडचण ओलांडली १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने. अडचणीच्या आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती वापरून त्यांनी १९९९ मध्ये ‘वर्कस्टेशन’ विक्रीला आणले. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी चिपमध्येच ही सोय दिली. २००७ मध्ये लिनक्समध्ये ‘केव्हीएम’ आले. त्याच वर्षी जर्मनीतील इनोटेकने ‘व्हर्च्युअलबॉक्स’ खुले केले.

इथून पुढचा इतिहास मालकांचा आहे. व्हर्च्युअलबॉक्स २००८ मध्ये सनकडे गेले आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे. व्हीएमवेअर आधी ईएमसी, मग डेल असे करत नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमच्या हाती आले. लगेच डिसेंबरात कायमचे परवाने विकणे बंद झाले आणि कार्यालयांना वर्गणीची वाट धरावी लागली. उलट, पूर्वी पैसे मोजावे लागणारे ‘वर्कस्टेशन प्रो’ नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांना मोफत झाले. म्हणजे आज महाग ते उद्या फुकट, आणि आज फुकट ते उद्या कसे असेल, कोणी सांगावे?

म्हणून निवड करताना मी वेगापेक्षा परवाना आधी पाहिला. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग खुला आहे. पण त्याच्या जोडीचा ‘एक्स्टेन्शन पॅक’ घरी मोफत आणि कार्यालयात विकतचा. मायक्रोसॉफ्टचे ‘हायपर-व्ही’ विंडोजच्या प्रो आवृत्तीत मिळते, होम आवृत्तीत नाही. आणि आत जी विंडोज बसवायची, तिचा परवाना वेगळाच लागतो. आमच्या कपाटात एक्सपीची रीतसर घेतलेली सीडी होती, म्हणून निभावले.

आम्ही व्हर्च्युअलबॉक्सचा फक्त मूळ भाग घेतला. आतल्या एक्सपीला इंटरनेट दिले नाही, कारण तिची सुरक्षा-दुरुस्ती २०१४ मध्येच थांबली आहे. तासाभरात जुना निळा पडदा उजळला आणि पहिलीच नोंद दिसली: एका शिक्षिकेने आईच्या स्मरणार्थ दिलेली ज्ञानेश्वरी.

विद्यार्थी खूश झाला, पण मी त्याला तिथे थांबू दिले नाही. सगळ्या नोंदी साध्या तक्त्यात उतरवून घेतल्या, एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली आणि एक छापून कपाटात. वाडा कितीही चांगला असो, मालक कधी बदलेल ते भाडेकरूच्या हाती नसते. सामान मात्र बांधून तयार ठेवता येते.