मक्ता आणि कित्ता

जळगावच्या पेपरात ‘सफाई मक्तेदाराला दंड’ असा मथळा वाचून पुण्याहून आलेल्या भाच्यानं विचारलं, ‘‘मामा, झाडू मारायचीही मक्तेदारी?’’ तो हसला आणि मी कोशात शिरलो. पुण्याकडे ठेकेदार, मराठवाड्यात गुत्तेदार, आमच्या खानदेशात मक्तेदार. तरी ‘मक्तेदारी’ म्हटलं की आम्हीही एकाधिकारच समजतो.

‘गुत्ता’ कानडी-तेलुगूकडून आला. ‘कंत्राट’ इंग्रजी की पोर्तुगीज, यावर वाद आहे. ‘लिलाव’ पोर्तुगीजांचा, म्हणून मीही त्याच बाजूचा. ‘मक्ता’ मात्र ‘मुक्त’वरून, रक्कम भरली की मोकळा, असं आमचे एक निवृत्त गुरुजी ठासून सांगतात. कानाला गोड, पण खोटं. मूळ अरबी, क-त-अ, म्हणजे कापणे. ‘मुकाताआ’ म्हणजे तोडून ठरवलेली रक्कम. तुर्की सुलतानांच्या दफ्तरातही महसुलाच्या इजाऱ्याला हेच नाव. त्याच धातूचा ‘कितआ’, तुकडा. त्यावरून आपला ‘कित्ता’. म्हणजे शाळेत गिरवायचा कित्ता आणि पालिकेतला मक्ता एकाच कुळातले! (‘कत्तल’ मात्र यांची कोणी नव्हे. मोह होतो खरा.)

दुसऱ्या बाजीरावाच्या काळी महसुलाचा मक्ता चढी बोली लावणाऱ्याला मिळे. आजही आठवडे बाजाराच्या वसुलीचा मक्ता तसाच जातो. रस्त्याचा, गटारीचा, सफाईचा मात्र सर्वांत कमी मागणाऱ्याला. अंदाजपत्रकाच्या 20 टक्के ‘बिलो’ गेलेला माणूस ते 20 टक्के कुठून काढतो? डांबरातून, नाहीतर झाडूवाल्या बाईच्या रोजातून. धातूचा अर्थ कापणे, तो असा टिकला.

लहान कामं मात्र सरकारनं वाटून दिली: 33 टक्के मजूर सहकारी संस्थांना, 33 सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, 34 खुली. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, बचत गट घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये बजावलं. तरी राज्याच्या 2016 च्या निविदांच्या अटींत लहान गट बसेनात. 2019 मध्ये न्यायालयानं त्या रद्द केल्या. दर थोडा चढला तरी पैसा गावात फिरावा, या मताचा मी. पण फलक मजुरांचा आणि मागे जुनाच मक्तेदार, हा कित्ताही गिरवला जातोच.

मजुरांचा स्वतःचा शब्द ‘उक्तं’, म्हणजे रोजानं नव्हे, अख्ख्या कामाचे ठरवून पैसे. तो संस्कृत, बोलून ठरवलेलं. धुळ्यात गिलाव्याला आलेल्या मिस्तरीनं पहिलं विचारलं, ‘‘रोजानं देता का उक्तं?’’ मी स्वस्त पाहिलं, उक्तं म्हणालो. चौथ्या दिवशी काम संपलं, पावसाळ्यात पोपडे धरले.