एका दिवसाचे तीन पुरावे

१० नोव्हेंबर १९३८. जर्मनीभर सिनेगॉग जळत होती, ज्यूंची दुकाने फुटत होती. पॅरिसमधल्या जर्मन मुत्सद्द्याच्या हत्येमुळे जनतेचा संताप उसळला, असे सरकार सांगत होते. त्या दिवसाचे तीन अस्सल पुरावे टिकले आहेत. ते वेळेच्या क्रमाने वाचावेत.

पहिला रात्री १ वाजून २० मिनिटांचा. सुरक्षा पोलिसांचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिख याची पोलीस ठाण्यांना तार : निदर्शने रोखू नका, शेजारच्या इमारतींना धोका नसेल तिथेच सिनेगॉग जळू द्या, कोठड्यांत मावतील तितके ज्यू, विशेषतः सधन, पकडा. त्या दिवसांत सुमारे ३०,००० पुरुष छळछावण्यांत गेले. उत्स्फूर्त म्हणवलेल्या संतापाची हद्द वरून आखून दिलेली होती.

दुसरा पुरावा बर्लिनचा. प्रचारमंत्रालयाच्या पत्रकार परिषदेत संपादकांना रोज आदेश मिळत. त्या दिवशीचा आदेश असा : कुठे कुठे काचा फुटल्या, सिनेगॉगना आग लागली, इतकेच लिहा, पहिल्या पानावर ठळक मथळे नकोत, तूर्त छायाचित्रे नकोत, देशभरच्या बातम्या एकत्र देऊ नका. यातले शेवटचे कलम सर्वांत बोलके वाटते. प्रत्येकाला आपल्याच गावची घटना दिसली, तर ती योगायोग वाटते; शेकडो गावांची यादी समोर आली, तर मागचा हात दिसतो.

तिसरा पुरावा त्याच संध्याकाळचा, म्युनिकचा. हिटलरने सुमारे ४०० पत्रकार-प्रकाशकांपुढे केलेल्या गुप्त भाषणाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. जळत्या सिनेगॉगबद्दल त्यात अवाक्षर नाही. परिस्थितीमुळे आपल्याला वर्षानुवर्षे शांततेचीच भाषा बोलावी लागली, असे तो सांगतो. आता घटना अशा मांडायच्या, की बळाच्या वापराची मागणी जनतेच्या मनातूनच उठावी.

दिवसा ज्या आवाजाला जनतेचा म्हटले, तसा आवाज घडवण्याची रीतच संध्याकाळी सांगितली गेली.

पत्रकार परिषदेतले आदेश नष्ट करणे बंधनकारक होते. ते बाहेर फोडल्याबद्दल १९३६ मध्ये एका पत्रकाराला जन्मठेप झाली होती. तरीही काहींनी आपली टिपणे लपवून जपली. ती आज कोब्लेन्झच्या संघीय अभिलेखागारात आहेत. त्या दिवशीची वृत्तपत्रे काय छापायला सांगितले होते ते दाखवतात. काय दडवायला सांगितले होते, ते या टिपणांमुळेच कळते.