२ ऑक्टोबर : पोलादातून निघालेली जीप
२ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह ‘महिंद्र अँड मोहम्मद’ सुरू केली, तीही पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. ‘एम अँड एम’ ही आद्याक्षरं तेवढी राहिली! पुढे अमेरिकी विलिसची जीप इथे जोडली जाऊ लागली. शहापूर-मुरबाडच्या आडगावांनी मात्र ती ओळखली प्रवाशांची गाडी म्हणून. एसटी चुकली की डोळखांब, टोकावड्याकडे जीपच. मागच्या पायरीवर दोघे लोंबकळणारे, टपावर भाताची पोती, ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर. आता माळशेज घाटात पावसाळी रविवारी महिंद्रच्याच चकचकीत ‘थार’ फोटोपुरत्या थांबतात. ही नवी थार विक्रीला आली तीही २ ऑक्टोबरलाच, २०२० साली.