दसऱ्याची बंदूक आणि कलम ४५

धार-देवासच्या पवारांबरोबर अठराव्या शतकात माळव्यात आलेल्या मराठी घराण्यांनी देव जपले, कागद जपले आणि हत्यारेही जपली. कुक्षी-धारकडच्या जुन्या वाड्यांतून तोड्याच्या बंदुका मी पाहिल्या आहेत. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागते. एरवी विचारले तर घरचे म्हणतात, "ती केव्हाच मेली!"

पण बंदूक मेली हे ठरवायचे कोणी? धारला हत्यारांचा प्रश्न महागात पडलेला आहे. १८५७ साली संस्थानच्याच भाडोत्री शिपायांनी किल्ला बळकावला; ऑक्टोबरात इंग्रजांनी तोफा डागून तो घेतला आणि संस्थान खालसा केले. आनंदराव पवारांना ते परत मिळाले १८६० मध्ये. पुढे १८७८ च्या कायद्याने इंग्रजी मुलखात परवान्याची सक्ती आली. १९४८ मध्ये धार मध्य भारतात विलीन झाले. आज लागू असलेला कायदा १९५९ चा. अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून. आपण त्याला शस्त्र अधिनियम म्हणतो, इथल्या कचेरीच्या हिंदीत तो 'आयुध अधिनियम'.

त्याचे कलम ४५ जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देते; मात्र ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशा अवस्थेत असले पाहिजे. सारी मेख इथे आहे. तोड्याच्या बंदुकीत जामगी रंजकाला लागते आणि बार उडतो. चाप गंजला, कुंदा कुजला, तरी नळी धड असेल तर कुशल कारागीर ती पुन्हा चालती करू शकतो. म्हणून केवळ वय पुरेसे नाही. घरच्या घरी नळीला भोक पाडणे हाही उपाय नव्हे; बंदुकीत बदल वा दुरुस्ती करण्याच्या धंद्यालाच परवाना लागतो. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची, कमाल पाच वर्षांची कैद आहे.

शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही येऊ शकते. तसे असेल तर परदेशातल्या मुलाला खासगीरीत्या ती पाठवता येत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. वडिलांच्या पश्चात वाटणी करण्याआधी परवान्याचे कागद शोधावेत, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत लेखी विचारावे, आणि परवाना संपला असेल तर हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. जमा केले म्हणजे गेले असे नाही. हक्क शाबीत करून वारसाला ते परत मागता येते.