माद्रिदला न पोचलेला वक्ता

पेपर नाकारला जाईल म्हणून गोषवारा पाठवायचं टाळताय? मग राफाएल लेम्किनची गोष्ट ऐका.

१९३३ मध्ये माद्रिदला फौजदारी कायद्याची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एखाद्या समूहाचा संहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा मानावा, असा प्रस्ताव ३३ वर्षांच्या या पोलिश वकिलाने तिथे पाठवला. त्याला स्वतःला जाता आलं नाही, प्रस्तावही मान्य झाला नाही. पुढे नाझींनी त्याचे आई-वडीलही मारले. त्याने मात्र विषय सोडला नाही. १९४४ च्या पुस्तकात त्याने ‘जेनोसाइड’ हा नवा शब्द दिला आणि ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार स्वीकारला.

फसलेल्या प्रयोगाचीही आम्ही विज्ञानवाले वहीत नोंद ठेवतो. तुमचा मुद्दाही आधी कागदावर येऊ द्या.