वीणा खाली टेकत नाही

साल 1906, आषाढी एकादशी. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होण्याचं हे वर्ष. तुम्ही पिंप्राळ्यात आहात आणि जळगाव अजून शेतांपलीकडे आहे. काळी माती चपला सोडत नाही, म्हणून तुम्ही त्या हातात घेता. मग लक्षात येतं, इथे बहुतेक सगळेच अनवाणी आहेत.

विठ्ठलाचा रथ सजून उभा आहे. ओसरीवर पखवाजी कणीक मळतोय. आज उपवास, चुलीवर भगर शिजतेय. ही कणीक फक्त पखवाजाच्या डाव्या तोंडासाठी. तो गोळा थापतो, कडा दाबतो, थाप मारून ऐकतो. नाही जमलं. चिमूटभर काढतो, पुन्हा थाप. तिसऱ्या खेपेला आवाज पोटात उतरतो.

"धर रे भो," म्हणत कुणीतरी तुमच्या हाती टाळ देतं.

टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. मधे विणेकरी. युरोपातल्या गायकवृंदापुढे कंडक्टर हातात छडी घेऊन उभा असतो, गाणाऱ्यांच्या हाती स्वरलिपीचे कागद असतात. इथे कागद नाही, छडी नाही. विणेकरी तार छेडतो, तोच सगळ्यांचा सूर. तो चरण उचलतो, एक रांग तो झेलते, दुसरी परत देते.

उत्साहाच्या भरात तुमचा टाळ पळू लागतो. विणेकरी रागावत नाही. गात गात तुमच्यासमोर येऊन थांबतो, वीणा तुमच्या कानाशी आणतो आणि पायाने ठेका दाखवत राहतो. तुम्ही आवाज खाली आणता. आता कुठे तुम्हाला शेजारच्याचा आवाज ऐकू येतो. विणेकरी मघापासून गातोय त्याहून जास्त ऐकतोय, हेही तेव्हाच कळतं. शेवटच्या टाळकऱ्याचा सूर त्याच्या कानात आहे.

"मोगरी लाव!" मागून हाक येते. रथाच्या चाकाखाली लाकडी मोगरी सरकते, रथ करकरत थांबतो. रांगा जागच्या जागी पावली खेळतात. ठेका तुटत नाही.

तिकडे जळगावात, चौधरी वाड्यात, पंचविशीतली बहिणाबाई राहते. शाळा तिने पाहिलेली नाही. तिची गाणी घरोट्यावर आणि शेतात जन्माला येतात. 1952 साली, ती गेल्यावर, त्यांचं पुस्तक निघेल. 1990 साली जळगावात विद्यापीठ उभं राहील आणि 2018 साली त्याला तिचं नाव मिळेल. ज्या शहरातल्या विद्यापीठाला कानाने शिकलेल्या बाईचं नाव मिळालं, त्या शहराने या टाळकऱ्यांनाही शिकलेलेच म्हणावं. त्यांची विद्याही अशीच, तोंडातून कानात आलेली.

दिवस कलतो. विणेकऱ्याचा घसा बसलाय. रांगेतला एक तरुण पुढे होतो. दोघे वाकून एकमेकांच्या पायांना हात लावतात. वीणा जमिनीला न टेकता एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तेवढ्या वेळात अभंग कुणी धरला होता?

तुम्ही. आणि तुमच्या शेजारच्याने.