आवाजाचे बटण कोणाच्या हाती?

1956 सालची गोष्ट. पुणे आकाशवाणी केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे काढली. मंडळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राला कळवीत. शेजारचा अहमदनगर जिल्हा त्यात होता. आपला बीड मात्र तेव्हा हैदराबाद राज्यात. तो मुंबई राज्यात आला 1 नोव्हेंबर 1956 ला. वारा सरहद्द ओलांडे, योजना ओलांडीत नसे!

त्या रेडिओला बटणे असत दोन-तीनच. पण गावात पेटी एक, म्हणून बटणावर हातही एकाचाच. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि ते बटण शेताच्या बांधावर, ज्याच्या त्याच्या हाती गेले. वापरायला कोणाला शिकवावे लागले नाही. उजवीकडे पिळले की आवाज वाढणार, मग पेटी कोणत्याही कंपनीची असो.

आता आजचा कीर्तनाचा मंडप पाहा. साउंडवाला मोबाइल घेऊन थेट मागच्या रांगेत जातो, आणि तिथे कान देऊन पुढच्या मिक्सरचा आवाज बोटाने कमी-जास्त करतो. सोय मोठी, यात शंका नाही. परंतु हे बटण आता पेटीवर राहिले नाही, ते ॲपमध्ये गेले. 2008 साली ॲपल आणि अँड्रॉइड या दोघांनी आपापली ॲपची दुकाने उघडली. दोघांची भाषा निराळी, नियम निराळे. संगणकावरील विंडोजचे तिसरेच. एकदा लिहून सगळीकडे चालवावे अशी साधने निघाली आहेत खरी. तरी ब्लूटूथची परवानगी कशी मागायची, पडदा विझल्यावर ॲप जागे कसे ठेवायचे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे सांभाळावे लागते. खर्च वाढतो. मग एके दिवशी कंपनी जुन्या फोनसाठी ॲप देणे थांबवते. मिक्सर धडधाकट, पण त्याला हुकूम देणारा कोणी नाही!

यावर तोड नाही असे मात्र नव्हे. 1983 साली अमेरिका आणि जपान येथील वाद्यनिर्मात्यांनी ‘मिडी’ नावाची एक समान बोली ठरवली आणि ती सर्वांना खुली केली. तिच्यात सात क्रमांकाचे नियंत्रण म्हणजे आवाजाची पातळी: 0 म्हणजे मुका, 127 म्हणजे पुरता मोकळा. म्हणूनच त्या काळची वाद्ये आजच्या संगणकाशीही बोलू शकतात.

तेव्हा यंत्र घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा. याची बोली खुली आहे का? आणि फोन बंद पडला, तर पेटीवर एखादे बटण आहे का? पेटी दहा-वीस वर्षे टिकते. ॲप तेवढे टिकेल याची हमी कोण देतो? गावाच्या आवाजाचे बटण गावातच राहिलेले बरे.